हिरवा मळ

४ फेब्रुवारी, रविवार

साडूवर सूड उगवायचा. ठरलं.

कारण लिहून ठेवतो, नाहीतर माझा राग लवकर निवतो. आज थोरल्या मेहुणीकडे जेवण होतं. सासरे आले होते. जेवता जेवता त्यांच्या जुन्या हिरव्या गाडीचा विषय निघाला. ही गाडी त्यांनी तरुणपणी कोरी घेतलेली, आणि ती सध्या आमच्या गॅरेजमध्ये असते. (साडूकडे गॅरेज नाही म्हणून नव्हे. माझ्यावर विश्वास आहे म्हणून.) सासरे म्हणाले, पुढच्या महिन्यात जुन्या गाड्यांचं प्रदर्शन आहे, तिथे न्या, मी येऊन बघतो, मग कोणाच्या नावावर करायची ते ठरवू.

यावर साडू माझ्याकडे बघून म्हणाला, रंग उडालाय खरा, पण मालकापेक्षा गाडी बरी दिसते.

सगळे हसले. बायको सगळ्यांत जास्त. मध्ये पाणी प्यायला थांबली आणि पुन्हा हसली.

साडूचीही एक जुनी गाडी आहे. लालभडक, नव्याने स्प्रे मारून घेतलेली. लिपस्टिक. तिच्या शेजारी माझी गाडी अशी चकाकली पाहिजे की साडूने मान खाली घालून घरी जावं. शक्यतो चालत.

५ फेब्रुवारी, सोमवार

ऑफिसातून अर्धा दिवस काढून दुकानात. रबिंग कंपाउंड (गाडी घासून चकाकवायची पेस्ट) मागितलं, सगळ्यांत कडक. दुकानदाराने विचारलं, गाडी कोणती, रंग कधीचा? म्हटलं, तुम्हाला काय करायचंय? त्याने मुकाट्याने डबा पुढे केला. ग्राहकाला काय हवंय हे पक्कं ठाऊक असलं की असा वचक बसतो.

१० फेब्रुवारी, शनिवार

शुभारंभ. बॉनेटपासून.

पद्धत माझी स्वतःची. हात पुढे नेताना ‘रंग’ म्हणायचं, मागे आणताना ‘उडालाय’. काय जोर येतो! साडू समोर उभा आहे असं समजलं की दमायलाच होत नाही.

आणि काय मळ निघतोय! फडकं हिरवंगार. दुसरं घेतलं, तेही हिरवं. इतकी वर्षं हिरव्या गाडीवर बसून मळसुद्धा हिरवा झालेला दिसतो. सासऱ्यांनी कधी नीट घासलेलीच नाही. बोलणार नाही, मोठे आहेत.

११ फेब्रुवारी, रविवार

खांदा धरला. सदरा बायकोने घालून दिला. आज काम बंद. दमलो म्हणून नव्हे, रंगालाही श्वास घ्यायला वेळ द्यावा लागतो.

१४ फेब्रुवारी, बुधवार

बायको गॅरेजमध्ये आली. वाळत घातलेली फडकी बघून म्हणाली, अहो, हा मळ नाही, रंग आहे. बाबा रोज सकाळी पुसायचे, त्यांचं फडकं एकदाही हिरवं झालं नाही.

मी म्हटलं, तेच तर! त्यांच्या हातून मळ निघालाच नाही, याचा याहून मोठा पुरावा कोणता?

ती वळून घरात गेली. पटलं असावं.

१७ फेब्रुवारी, शनिवार

बफिंग मशीन आणलं. हाताने सूड घेण्याचे दिवस गेले.

मशीन भलतंच तापट निघालं. पहिल्या झटक्यात हातातून निसटून माझ्या चपलेला पॉलिश करून गेलं. मग दोन्ही हातांनी धरलं, बॉनेटच्या कडेवर टेकवलं आणि डोळे मिटले.

डोळे उघडले तर शोध! हिरव्याखालून विटकरी रंग. हाताच्या तळव्याएवढा, एकसारखा, गुळगुळीत.

म्हणजे गाडी मुळात विटकरी आहे! हिरवा रंग कोणीतरी वरून फासलाय. सासऱ्यांना कोरी म्हणून गंडवलं, आणि बिचारे आयुष्यभर त्या भामट्यांचा रंग पुसत बसले. प्रदर्शनाच्या दिवशी सगळ्यांदेखत मी त्यांना त्यांची खरी गाडी दाखवणार. साडूच्या चेहऱ्याचा विचार करून जेवताना एकटाच हसलो. बायकोने ताप आहे का बघितलं.

१८ फेब्रुवारी, रविवार

बायकोचं म्हणणं, हा रंग म्हणजे प्रायमर. खिडकीच्या गजांना आधी लावतात ना लाल, तोच. मी विचारलं, तुझ्या बाबांनी गाडी घेतली होती की खिडकी?

आज पूर्ण बॉनेट विटकरी केलं.

२१ फेब्रुवारी, बुधवार

साडूचा फोन. आवाज तुपात घोळलेला. म्हणाला, गाडीला काही करू नका हं, नुसती पुसून आणा. ‘मूळ रंग’ नावाचा वेगळा गट आहे, त्यात मी तिचं नाव देऊन टाकलंय. त्या गटात तिच्यासमोर कोणी उभं राहणार नाही. माझी गाडी मी रंगवून घेतली, त्याचा आता पस्तावा होतोय. तुमच्याकडची जपा.

माणूस किती खालच्या थराला जाऊ शकतो! घाबरलाय. मी गाडीला हात लावू नये म्हणून ही साखरपेरणी. आणि गंमत म्हणजे गट कोणता, तर मूळ रंग! मूळ रंग कोणता हे त्याला कळेल तेव्हा मला त्याच्या समोर उभं राहायचं आहे.

रात्री उठून गॅरेजमध्ये गेलो, दिवा लावून बॉनेट पुन्हा बघितलं. सहज.

२४ फेब्रुवारी, शनिवार

मशीन जळालं. आता वॉटर पेपर. पाणी मारायचं, घासायचं, पुन्हा पाणी. टपावर चढून बसावं लागलं. गॅरेजभर हिरवं पाणी. माझी नखंसुद्धा हिरवी, ऑफिसात हात खिशात ठेवून फिरतो.

संध्याकाळी एकच दार उरलं, मागचं डावं. बायको येऊन उभी राहिली. म्हणाली, एवढं एक राहू द्या. मी लहानपणी इथूनच बसायचे.

मी समजावलं की एकच दार हिरवं ठेवलं तर ठिगळ दिसेल, आणि साडूच्या हातात आयतं कोलीत मिळेल. तिने दारावरून हात फिरवला आणि आत गेली.

तिला वाईट वाटलं असावं. पण युद्धात हळवं होऊन चालत नाही. तासाभरात दार झालं.

१ मार्च, शुक्रवार

मेणाचं पॉलिश. आरसा काही होत नाहीये. जेवढं मेण लावावं तेवढं गाडी पिऊन टाकते आणि पुन्हा मातीच्या माठासारखी बसते. उन्हात चमकेल. गॅरेजमध्ये उजेडच कमी आहे.

बायको कामापुरतं बोलते.

३ मार्च, रविवार. सकाळ

निघालो. रस्त्यावर लोक वळून वळून बघत होते. सिग्नलला एक स्कूटरवाला म्हणाला, काका, रंगवायला नेताय का? म्हटलं, कुणाचा तरी रंग उतरवायला नेतोय. झकास सुचलं. बायको खिडकीबाहेर बघत होती, तिने ऐकलं नसावं.

तोच दिवस. संध्याकाळ

फाटकावरच्या माणसाने कागद बघितला. ‘मूळ रंग’. मग गाडी बघितली. पुन्हा कागद. मग फारच नम्रपणे म्हणाला, साहेब, तुम्ही मागे लावा, पाहुण्यांच्या गाड्यांपाशी.

सासरे साडूच्या गाडीतून आले. इस्त्रीचा शर्ट, चकचकीत बूट. समारंभाला आल्यासारखे. रांगेतली एकेक गाडी बघत बघत मागे आमच्यापर्यंत पोचले आणि बायकोला म्हणाले, कुठे लावलीय गं गाडी?

तिने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, बाबा, हीच.

त्यांनी नंबर वाचला. पुन्हा एकदा वाचला. बॉनेटवर हात ठेवला, तळवा लाल झाला, तो रुमालाला पुसला. मी विटकरी रंगाचा शोध, भामटे, गंडवणूक वगैरे सगळं सांगायला सुरुवात केली होती. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, “हिरवा हिच्या आईने निवडला होता. मला निळा हवा होता.”

मग बायकोचा हात धरून सावलीकडे गेले. नावावर करण्याचं त्यांनी काढलं नाही. मीही विचारलं नाही.

राहिला साडू. तो समोरच उभा होता. रंगावरून बोलला तर काय, मालकावरून बोलला तर काय, आठवडाभर घोकून प्रत्येक टोमण्याला सणसणीत उत्तर तयार ठेवलं होतं. मी छाती काढून वाट बघत राहिलो.

त्याने गाडीभोवती एक चक्कर मारली. डाव्या मागच्या दारापाशी जरा थांबला. मग माझ्याजवळ येऊन हळू आवाजात विचारलं, चहा घेतलात का? आणि सासऱ्यांसाठी खुर्ची शोधायला निघून गेला. परतताना बायको त्यांच्याच गाडीतून गेली.

नालायक माणूस. एक टोमणा मारायला काय जात होतं त्याचं?