खुशीची व्याख्या

३ फेब्रुवारी

या नोंदींनी सिद्ध करायचे ते एवढेच: रुग्णालयातले शुल्क रद्द झाले म्हणजे रुग्णाचा खर्च रद्द झाला, हे विधान खोटे आहे. खर्चाने फक्त जागा बदलली. पूर्वी तो खिडकीपाशी बसे आणि पावती देई. आता तो व्हरांड्यात हिंडतो आणि नाव सांगत नाही.

प्रसंग असा. न्हाणीघरात पाय घसरून हिचे खुब्याचे हाड मोडले. रुग्णालयाच्या दारावर ठळक पाटी — ‘सर्व उपचार मोफत’. पाटीखाली स्ट्रेचर, त्याच्या दांडीवर हात ठेवून उभा असलेला कर्मचारी. इथे अशा पुरुषांना मामा म्हणतात, बायकांना मावशी. मामा हलेनात. “काका, खुशी?” मी विचारले, कोणाची? त्यांनी दांडीवरचा हात काढून घेतला. स्ट्रेचर मीच ढकलले. दोन भिंतींना लागले. ही विव्हळली, आणि तशातही म्हणाली, “अहो, तिसरी राहिली.”

५ फेब्रुवारी

मेव्हणा येऊन गेला. त्याचे म्हणणे, तेल घातल्यावाचून चाक फिरत नाही. सगळे देतात, भाऊजींनीच का अडून बसावे? ‘सगळे देतात’ यातून ‘द्यावे’ हे निष्पन्न होत नाही, हे मी त्याला सावकाश समजावले. ही खाटेवरून ऐकत होती. “तुमच्या युक्तिवादानं माझं हाड जुळणार असेल तर अजून थोडा करा,” म्हणाली.

शेजारच्या खाटेवर एक म्हातारी शिंपीण आहे. मोडलेले हाड तेच. ती हिच्याआधी आली, म्हणून शस्त्रक्रियेच्या यादीत हिच्या वर. तिची सून दिवसभर पायथ्याशी बसून काजे-बटणे करते. देण्याजोगे त्यांच्याकडे काही नाही. म्हणून कोणी त्यांच्याशी खुशीची गोष्टही काढत नाही. दोघी रुग्णांची मात्र गट्टी जमली आहे. दोघींना कूस बदलता येत नाही, तरी छताकडे पाहत आपापल्या सुनांची उणीदुणी काढतात. आम्हांला सून नाही. हिने एक रचली आहे.

६ फेब्रुवारी

वेदनाशामक औषध मोफत आहे. औषध नाही. जे नाही ते मोफत वाटण्यात सरकारचे काय जाते?

बाहेरच्या दुकानातून आणले.

८ फेब्रुवारी

अधीक्षकांना भेटलो. सभ्य मनुष्य. बसायला सांगितले, तक्रार शेवटपर्यंत ऐकली. मग म्हणाले, नव्या नियमानुसार पैशांची मागणी करणारा तत्काळ निलंबित होतो. तेव्हा मागणी कोणी केली, एवढे फक्त सांगा.

मागणी कोणीच केलेली नाही! मामांनी एक प्रश्नार्थक नाम उच्चारले. मावशींनी चादर बदलताना नुसते म्हटले, “घरचं माणूस बरं झालं की आनंद होतोच की.” नियमाने मागणीला शिक्षा ठेवली, तशी मागणी भाषेतून नाहीशी झाली, उरली ती खुशी. आणि खुशी मामा-मावशींना द्यायची — परक्यांना देतो का आपण? सुधारणा झाली ती शब्दकोशात. रुग्णाच्या खिशाला तिचा पत्ता नाही.

अधीक्षक म्हणाले, “मागितलं नसेल, तर तुम्ही देऊ नका.” निर्दोष वाक्य. संताप त्याचाच येतो.

९ फेब्रुवारी

यादी डॉक्टर करतात. पण सकाळी वॉर्डातून कोणाला आधी उचलायचे, ते शस्त्रक्रियागृहाचे मामा ठरवतात. मागे राहतात त्यांना दुपारी सांगतात, वेळ संपली. शिंपीण काल शस्त्रक्रियेसाठी उपाशी राहिली आणि तशीच मागे राहिली, आज पुन्हा. ही तिच्या मागे, म्हणून हीही.

११ फेब्रुवारी

हिला खोकला लागला आहे. टाचेवर लाल चट्टा. तरुण डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेतले: या वयात असे पडून राहणे बरे नव्हे, छाती भरते. मी विचारले, मग थांबलोय कशासाठी? त्यांनी मान वळवून व्हरांड्यातल्या मामांकडे पाहिले.

परत येऊन मी हिची उशी सारखी केली. सांगायची गरज नव्हती. ती म्हणाली, “माझ्यासाठी तत्त्व मोडू नका, असं म्हणायची रीत आहे ना? मी नाही म्हणणार. मोडा.”

सत्तेचाळीस वर्षांच्या संसारात हिने माझ्याकडे प्रथमच सरळ काही मागितले. ही मात्र मागणी होती.

१२ फेब्रुवारी

मोडले. शस्त्रक्रियागृहाच्या मामांच्या हातात पाकीट ठेवले. “कशाला, काका?” म्हणाले. खिशात घालताना मात्र बघितलेसुद्धा नाही. मी त्यांच्याकडे काही मागितले नाही. त्यांनी माझ्याकडे काही मागितले नाही. नियमाचा भंग कोठेही झालेला नाही.

१३ फेब्रुवारी

सकाळी पहिले उचलले ते हिला. शस्त्रक्रिया नीट झाली. शुद्धीवर आल्यावर पहिला प्रश्न — “तिची झाली का?” मी म्हणालो, होईल.

झाली नाही. वेळ संपली. उद्या-परवा शस्त्रक्रियागृह बंद.

१४ फेब्रुवारी

शिंपिणीला धाप लागते आहे. प्राणवायूची नळी लावली. सून मला शोधत व्हरांड्यात आली. काकूंचं झालं, फार बरं वाटलं, म्हणाली. मग कोरा कागद पुढे केला.

“तुम्हांला लिहिता येतं. साहेबांना विचारा, आमच्या आईंचा नंबर कोणी घेतला.”

बाकावर बसून तिच्यासमोरच अर्ज लिहिला. अधीक्षकांच्या हाती दिला. त्याची नक्कल येथे ठेवतो:

“शस्त्रक्रियेसाठी प्रथम क्रमांक खाट दहावरील रुग्णाचा होता. तो मी घेतला. पैसे कोणी मागितले नव्हते; मी दिले. चूक माझी. या रुग्णास आजच न्यावे.

— खाट अकरावरील रुग्णाचा पती”

अधीक्षकांना देण्याआधी खाली सही केली. अर्ज वाचून दाखवा, असे सून म्हणाली. वाचून दाखवला.