अंबिकाचा खांदा

१२ नोव्हेंबर
आज पुन्हा तेच. अंबिका सरावात सरळ रेषेत चेंडू टाकते, माणसं बघायला उभी राहिली की हात आखडतो. चार चेंडू कॅचरच्या डोक्यावरून. तिला सावलीत बसवून श्वास बघायला लावला. तेवढ्यात जिल्हा सॉफ्टबॉल संघटनेचे सेक्रेटरी आले. सगळ्यांसमोर म्हणाले, "काय सर, पोरींना झोपवायला आणता होय ग्राउंडवर?" पोरी हसल्या.
आठ वर्षं झाली बॅटिंग शिकवणं सोडून खेळाडूंच्या मनावर काम करतोय. आठ वर्षं हेच ऐकतोय.

२६ नोव्हेंबर
जमलं! तीन श्वास, पाय पिचरच्या पट्टीवर, मनात एकच शब्द. शब्द तिनेच निवडला, 'माळ'. मंद्रूपला वडिलांबरोबर मेंढरामागं जायची, दगड भिरकावायची. "तितं कुणी बघत न्हाय की, सर."
श्वासावर लक्ष ठेवणं मी लहानपणी बुद्धविहारात शिकलो, आईशेजारी बसून. संघटनेला त्याला 'माइंडफुलनेस' असं इंग्रजी नाव लागतं.

९ डिसेंबर
राज्य स्पर्धेसाठी जिल्हा संघाची निवड चाचणी. अंबिका म्हणाली, "सर, खांदा दुखतोय." म्हणालो, दुखणं हासुद्धा विचारच. आला तसा जाऊ दे, ग्लोव्हकडं बघ. गेली. निवड झाली.
सेक्रेटरींनी पहिल्यांदा चहा पाजला.

२३ डिसेंबर
राज्य स्पर्धेहून परत. जिंकलो. फायनलला सातही इनिंग तिनेच टाकल्या. पाचवीनंतर चेहरा इतका शांत की मी शेजारच्या कोचला दाखवला, "बघा, याला म्हणतात मन."
बसमध्ये तिला वेणी घालता येईना. मैत्रिणीने घातली. मी बघितलं, आणि खिडकीबाहेर बघत बसलो.

४ जानेवारी
खांद्यातला स्नायू फाटलाय. ऑपरेशन करावं लागेल. डॉक्टर म्हणाले, "एवढं दुखत असताना टाकत कशी होतीस गं?"
"सरांनी शिकवलंय." अभिमानाने म्हणाली.
डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं. मी रिपोर्ट वाचत राहिलो. त्यातलं मला काही कळत नव्हतं.

११ जानेवारी
मंद्रूपला गेलो. शिव्यांची तयारी करून. तिच्या वडिलांनी घोंगडी अंथरली, चहा मागवला. चहा आल्यावर म्हणाले, "मास्तर, मेंढरू लंगडाय लागलं तर आमी खांद्यावर घेतो. पोरीचं आमाला कळलंच न्हाय. तुमाला तर कळलं आसंल?"
"व्हय" म्हणायचं होतं. चहा प्यालो.

१९ जानेवारी
संघटनेचं पत्र. राज्यातल्या कोचांसमोर पुण्यात माझं व्याख्यान. विषय 'मानसिक कणखरता'. पडद्यावर फायनलमधला अंबिकाचा चेहरा दाखवायचा. ज्याची आठ वर्षं वाट बघितली ते हे.
सेक्रेटरींचा फोन, "दुखापतीचं तेवढं काढू नका, सर."
"बरं" म्हणालो. फोन ठेवल्यावर मनाशी म्हणालो, आपण 'बरं' म्हणालो हे स्वतःपुरतं तरी लिहून ठेवतो.

२ फेब्रुवारी
अंबिका ग्राउंडवर आली, हात गळ्यातल्या झोळीत. विचारलं, फायनलला दुखत होतं?
"लई. पाचव्या इनिंगपासून हात माझा हाय असंच वाटत न्हवतं."
"मग बोलली का नाहीस?"
"बोलले हुते की. चाचणीला."
रागावून नाही. आठवण करून दिल्यासारखं.
विहारात सांगायचे, वेदना नीट बघ. मी अंबिकाला वेदनेकडं पाठ फिरवायला शिकवलं, आणि त्यालाही नाव 'बघणं' हेच ठेवलं.

८ फेब्रुवारी, पुणे
सकाळी पोचलो. दुपारी अंबिकाचा फोन, सोलापूरच्या दवाखान्यातून. उद्या ऑपरेशन.
"सर, आत नेताना मनात काय म्हणू?"
म्हणालो, "काही म्हणू नकोस. नंतर दुखलं की ओरड. सगळ्यांना ऐकू जाईल असं."
तिने हळू आवाजात विचारलं,
"जमंल का मला, सर?"
उद्या दहाला व्याख्यान. कागदावर अजून नुसतं विषयाचं नाव.