बारा फुल्या

प्रिय ठमे,

तीनदा फोन केलास, तिन्ही वेळा मी उचलला नाही. घरातच होतो, अगदी फोनसमोर. रविवारी तुझ्या रचनेत मी टुबा वाजवणार की नाही, एवढंच तुला विचारायचं होतं. बँडमास्तरांना तर मी केव्हाच नाही म्हणून मोकळा झालो होतो. आता राग कशाचा आला तेही ऐक, आणि हसू नकोस.

'टेकडीवरचा वारा'ची पानं आली तेव्हा तालमीच्या खोलीत मीच ती मोठ्या तोऱ्यात सगळ्यांना वाटली. पोरीनं बापाच्या बँडसाठी लिहिलंय म्हटल्यावर छाती फुगणारच की! मग माझं पान उघडलं. सुरुवातीलाच सुरांच्या जागी बारा फुल्या. पुढे काहीच न वाजवता थांबायची लांबलचक विश्रांती आणि शेवटी परत फुल्या. मला वाटलं, म्हाताऱ्याला झेपायचं नाही म्हणून लिहिलेले सूर तू खोडलेस. ज्याला अख्खा बँड भोंगा म्हणतो, त्याला पोटच्या पोरीनंच गप्प केलं! ते पितळी धूड, माझा टुबा, पेटीत घातला, बँडमास्तरांना नाही म्हटलं आणि घरी आलो. चाळीस वर्षांत तालीम अर्धी टाकली ती पहिल्यांदाच.

काल दुपारी क्लॅरिनेटवाली मावशी आली. तुझी आई गेल्यापासून मला झापायचं काम तिनं आपणहून अंगावर घेतलंय. तिनं तुझ्या रचनेचं पहिलं पान माझ्यापुढे आपटलं. पहिल्या पानावरच्या सूचना मी जन्मात वाचलेल्या नाहीत, तुला माहीतच आहे. त्या नवशिक्यांसाठी असतात, असं तुलाही मीच शिकवलं. तिथं स्वच्छ लिहिलं होतं, की फुली असेल तिथं सूर काढायचा नाही, ओठ सैल सोडून वाद्यात नुसता श्वास सोडायचा. घ्या! आणि मी स्वतःला शहाणा समजत होतो.

ती गेल्यावर स्वयंपाकघरातच टुबा मांडीवर घेतला आणि फुंकलं. ठमे, टेकडीवरचा वारा घरात आला गं! तू सहा वर्षांची असताना तालमीला माझ्या खुर्चीशेजारी बसायचीस. पितळ गार असलं की सूर उतरतो, म्हणून मी आधी आत नुसती ऊब फुंकायचो. तू टुबाच्या तोंडाशी कान लावून म्हणायचीस, बाबा, वारा आला. खरं वाजवायला लागलो की कंटाळून झोपून जायचीस.

आता खरं सांगतो. मागच्या कार्यक्रमात मी वाजवलंच नाही. गाल फुगवले, खटके दाबले, मधूनमधून घाम पुसला. आवाज सगळा शेजारच्या टुबावाल्याचा होता. छाती आता लांब सूर पेलणार नाही, असं डॉक्टरांनी त्याआधीच सांगितलं होतं. मी कुणाला बोललो नाही. कुणाला कळलंही नाही, असं समजत होतो. तू पहिल्या रांगेत होतीस. सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवल्यास, मला काही विचारलं नाहीस, आणि घरी जाऊन हे लिहायला बसलीस. होय ना?

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं. पण हल्ली बोलताना दम लागतो, आणि आहे तेवढा मला रविवारी हवाय. बँडमास्तरांना सांग, माझी खुर्ची उचलू नका.

तुझाच,
भोंगा