भिंगरी आमच्या ऑफिसात आली तेव्हा

प्रिय ताई,

तू मला कितीदा तरी विचारलं आहेस, की शिकवत नाहीस, पेपर तपासत नाहीस, मग त्या विद्यापीठात दिवसभर करतेस तरी काय? मी दरवेळी हसण्यावारी नेलं. आज नीट सांगते. आमच्या सल्ला कक्षात पोरं येतात ती वाट चुकल्यावर. कुणी भलताच विषय घेऊन बसलेलं असतं, कुणाला बापाच्या हट्टापायी घेतलेला अभ्यासक्रम घशाखाली उतरत नसतो, कुणी नापास होऊन घरी पास सांगून आलेलं असतं. त्यांना समोर बसवायचं, पाणी द्यायचं आणि नियमांच्या जंजाळातून एखादी फट शोधून द्यायची, हे माझं काम. बहुतेकदा फट सापडते. मग पोरं जाताना दार हळू लावतात, त्यावरून ओळखायचं.

आमच्यात नात्यातलं कुणी आलं तर त्याला आपण हाताळायचं नाही, दुसऱ्याकडे द्यायचं. म्हणून तुझी भिंगरी आली ती माझ्याकडे न बघता थेट काकांसमोर जाऊन बसली. काका म्हणजे आमचे सगळ्यांत जुने सल्लागार, त्यांच्यासमोर दगडालाही वाचा फुटते. मला वाटलं, कार्टी मावशीची थट्टा करायला आलीय. लहानपणी तुझ्या स्वयंपाकघरात गिरक्या घेत भांडी पाडायची, त्यातलाच प्रकार. मी हात हलवला. तिनं पाहिलं आणि मान फिरवली.

ताई, तिचा संख्याशास्त्राचा पेपर राहिला होता. पहिल्यांदा राहिला तेव्हा भाऊजी नुकतेच गेले होते. तू स्वतःच कशीबशी उभी होतीस, म्हणून ती तुला काही बोलली नाही. पुढच्या वर्षी पुन्हा राहिला, आणि आता तिसऱ्यांदा. त्यापलीकडे आमच्याकडे संधी नाही, नाव पटावरून जातं. काकांनी तिची परवानगी घेऊन मला बोलावलं, तेव्हा ती टेबलाच्या कडेला नख घासत म्हणाली, “मावशी, मला सगळं येतं गं. पण पेपर हातात आला की नुसती अक्षरं दिसतात. अर्थच लागत नाही.” काकांनी सहज एक उदाहरण घातलं, ते तिनं बोलता बोलता सोडवलं.

आणखी एक संधी मिळावी म्हणून काकांनी परीक्षा समितीकडे अर्ज केला, डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडलं. मी नात्यातली, म्हणून बाहेर बाकावर. दार नीट लागत नव्हतं, त्यामुळे सगळं ऐकू आलं. समितीच्या बाई काही वाईट नव्हत्या. म्हणाल्या, “मुलीची अडचण खरी आहे, पण हे परीक्षेच्या आधी कळवायला हवं होतं. आता आमचे हात बांधलेले आहेत.” काका म्हणाले, “बुडणाऱ्यानं आधी कळवून बुडायचं का?” त्यांचा चढलेला आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. पण पालथ्या घड्यावर पाणी. बाहेर आल्यावर भिंगरीच काकांना म्हणाली, “तुम्ही खूप केलंत.” काकांनी पुसायला काढलेला चष्मा बराच वेळ डोळ्यांवर चढवलाच नाही.

मग मी माझ्या पोतडीतले सगळे उपाय तिच्यापुढे मांडले. दुसरं विद्यापीठ, दूरशिक्षण, वर्षभर विश्रांती. इतरांना सांगते त्याच शब्दांत, त्याच आवाजात. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “मावशी, पुरे. मला आता कुणी वाट दाखवू नका.” वसतिगृहाची खोली तिनं दुसऱ्याच दिवशी सोडली. एका मोठ्या हॉटेलच्या धुलाईघरात ती काम करते, हे मला तिच्या मैत्रिणीकडून कळलं. मी गेले होते. तळघरात वाफ कोंडलेली, यंत्रांची घरघर, आणि आपली भिंगरी एका बाईबरोबर चादरीचं टोक धरून उभी. दोघी पुढे येत, घडी घालत, मागे जात. चेहऱ्यावर ना दुःख, ना राग. माझ्याशी आदबीनं बोलली, ताई, परक्या बाईशी बोलावं तशी. घरी चल म्हटलं, तर म्हणाली, “आईला कुठल्या तोंडानं भेटू? बाबांच्या मागे तिनं माझ्यावरच सगळी आस लावलीय.” मग हळूच म्हणाली, “तिला तू सांग. तुझं तर रोजचंच काम आहे ते.” परवा पुन्हा गेले, तर तिनं तेही काम सोडलेलं. कुठे गेली, कुणाला ठाऊक नाही. मैत्रिणीला एवढाच निरोप आला, की मी बरी आहे, शोधू नका.

पुढच्या आठवड्यात पदवीदान आहे, आणि तू निघायच्या तयारीत असशील. आळीभर सांगूनही झालं असेल. निघू नकोस, ताई. त्या सभागृहात तिचं नाव पुकारलं जाणार नाही, आणि ती या गावात असेल असंही मला वाटत नाही. तुला काय सांगावं याचे शब्द मी किती दिवस जुळवतेय, पण रोजचं काम इथे कामाला आलं नाही. माझ्यावर ओरड, हवं तेवढं रड, मी ऐकेन. फक्त ‘होईल ना गं सगळं नीट?’ असं तेवढं विचारू नकोस.

तुझीच,
धाकटी