आईची जबानी आणि बियाणं

गुलू, रविवार

प्रिय कोमाकेच,

तू गावी जाऊन तीळ पेरलेस, हे तुझ्या बहिणीकडून कळलं. तीन वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही आणि आता हे एवढं पत्र. रागावला असलास तर तुझा राग रास्त आहे. आपल्या कचेरीच्या आंब्याखालची तुझी खुर्ची अजून तशीच आहे.

आठवतं, पहिल्या वर्षी आपण किती रडकुंडीला यायचो? लढाईत मुलं हरवलेल्या आयांच्या जबान्या टॅबवर टिपायच्या आणि इकडे पाठवायच्या, तर अर्ध्यातच रेंज जायची. मग तू मजकूर आकसवून लहान करणारा तो तयार प्रोग्राम, ती लायब्ररी, बसवलीस. इतकी चपळ, की जुनाट टॅबचीही बॅटरी खायची नाही. पण छोट्या जबान्या तिला फारशा आकसवता येईनात. म्हणून आपण शे-दोनशे जबान्या तिला शिकवल्या आणि पुन्हा पुन्हा येणाऱ्या कुळांची, गावांची, नद्यांची एक फाईल बनवली. तू तिला बियाणं म्हणायचास. ज्या बियाण्याने जबानी बांधली, त्यानेच ती सुटणार. "बियाणं खाल्लंत तर पेराल काय? ह्याला कुणी हात लावायचा नाही!" असं तू सगळ्यांना दटावलं होतंस.

हात मी लावला, कोमाकेच. मी नवं बियाणं तयार केलं, जबान्या आकाराने आणखी निम्म्या झाल्या, आणि त्या आनंदात ते जुन्याच नावाने जुन्यावर ठेवून दिलं. नव्या जबान्या भराभर उघडल्या. जुनी एकही उघडून पाहिली नाही. राखीव प्रतीवरही तेच जाऊन बसलं. महिन्याने कळलं तेव्हा सहाशे बारा जबान्या मुक्या झाल्या होत्या. साहेबांनी विचारलं तेव्हा तू म्हणालास, "प्रमुख मी, चूक माझी." नोकरी गेली तुझी. जेवताना सगळे हसले, "अरे, कोमाकेच म्हणजेच दुर्दैवी, आईनेच नाव तसं ठेवलंय, आणखी काय होणार!" त्यांच्याबरोबर मीही हसले. चुकीपेक्षा त्या हसण्याची मला जास्त लाज वाटते.

त्यांत तुझ्या आईचीही जबानी होती. तुझा थोरला भाऊ ओचेन कुठे आणि कसा हरवला, हे तिने फक्त तिथेच सांगितलं होतं. "आई आहे ना अजून, तिच्याच तोंडून ऐकेन," म्हणून तू ती वाचली नव्हतीस. त्याच पावसाळ्यात ती गेली.

गेल्या आठवड्यात कितगुमच्या चर्चच्या कपाटात आपला एक जुना टॅब सापडला, काच तडकलेला. तिथे रेंजच नाही, त्यामुळे माझं नवं बियाणं त्याच्यापर्यंत कधी पोचलंच नव्हतं. सौर पॅनेलवर चार्ज केला, तर आत जुनं बियाणं जसंच्या तसं. त्याने इथल्या सहाशे बाराच्या सहाशे बारा जबान्या उघडल्या. काल मी साहेबांना सगळ्यांदेखत सांगितलं की चूक माझी होती. माझं जे व्हायचं ते होवो. तुझ्या आईची जबानी छापून, पाकीट चिकटवून सोबत ठेवली आहे. मी ती वाचलेली नाही. उघडते का एवढंच पाहिलं, तेव्हा टिपून घेणाऱ्या मुलीला तिने सांगितलेली पहिली ओळ तेवढी नजरेस पडली: "नीट लिही गं पोरी, हे माझा कोमाकेच वाचणार आहे."

तुझी अपराधी,
लामवाका