दुसऱ्यांचे कप

४ जानेवारी, रवि.
भंगारवाल्याकडे एक जुनी ढाल मिळाली. कबड्डी, उपविजेता. चिंच-मीठ लावून घासली. हॉलच्या भिंतीवर तेविसावी वस्तू. हे म्हणाले, "दुसऱ्यांची बक्षिसं आपल्याकडे कशाला?" दर वेळी तेच. छान दिसतात, म्हणून.

११ जाने., रवि.
मुरबे गावाहून केतकीच्या घरची मंडळी आली. केतकी आमच्या नीलेशच्या कंपनीतली, दोघांचं ठरलेलंच आहे. तिचे वडील जगन्नाथभाऊ, बोटीवर होते, कबड्डीचे जुने खेळाडू. भिंतीसमोर उभेच राहिले. "हे सगले तुमचे?"
मी पोह्यांचा ट्रे घेऊन दारात. हे म्हणाले, "हो... म्हणजे, तरुणपणी."
मी बशा वाटल्या. मी तरी खरं का नाही सांगितलं?
ते गेल्यावर नीलेश भडकला. "बाबा, तुम्ही मैदानात कधी उतरलात?" हे म्हणाले, विसरतील ते.

१५ जाने.
विसरले नाहीत. भाऊंचा फोन. २५ला त्यांच्या गावात कबड्डीचे सामने, बक्षिसं ह्यांच्या हस्ते. हे चक्क हो म्हणाले! पांढरा शर्ट इस्त्रीला काढून ठेवलाय.

१९ जाने.
म्हटलं, अजून वेळ आहे, खरं सांगून टाका.
"बावीस वर्षं लॅबमध्ये बाटल्या धुतल्या. तुम्ही काय केलंत आयुष्यात, असं कुणी कधी विचारलं?"

दुपारी एका कपावर लक्ष गेलं. 'लंगडी, मुली गट'. कपाटात टाकला. म्हणजे मीही आता ह्यात.

२५ जाने., रवि.
मुरबे. वाळूतलं मैदान, वारा, सगळा गाव. भाऊ माइकवर, "आमचे होणारे व्याही, जुने खेळाडू." ह्यांचा चेहरा इतका खुललेला मी लग्नातही पाहिला नव्हता. पोरांनी आग्रह केला, काका, एक चढाई! हे गेले. चपला काढल्या, थेट आत. तिसऱ्याच 'कबड्डी'ला दम तुटला. पोरांनी टाळ्या वाजवल्या, मुद्दाम बाद झाली.
भाऊंनी वाजवल्या नाहीत.
निघताना मला बाजूला घेतलं. "वहिनी, जो खेललाय ना, तो मैदानाला हात लावल्याबिगर आत पाय टाकत नाय. म्हातारा झाला तरी नाय."
मग म्हणाले,
"बक्षिसं नसली तरी चाललं असतं. आमी काय ती बघून पोरगी देत होतो?"
हे रिक्षात गुणगुणत होते. सांगवेना.

२८ जाने.
मुरब्याहून फोन नाही. साखरपुड्याची तारीख कळवणार होते. नीलेश जेवणापुरता घरी. केतकीचा मला मेसेज, 'आई, माझे बाबा काहीच बोलत नाहीत. मैदानावर काय झालं?' उत्तर दिलं नाही. शेवटी ह्यांना भाऊंचे शब्द जसेच्या तसे सांगितले. हे बराच वेळ स्वतःच्या पावलांकडे बघत बसले. मग म्हणाले, "चहा नको."

२९ जाने.
बोईसर स्टँडवर लिहितेय. सकाळी म्हटलं, मी मुरब्याला जाऊन येते, भिंत माझी, बोलणंही मलाच भाग आहे.  फाटकापाशी पोचले तर हे मागून आले, घरातल्याच शर्टावर. "तू कशाला बोलतेस. मी बोलतो."
काय बोलणार ते विचारलं नाही. बाकावर शेजारी बसलेत, ओठ हलताहेत. मधेच मला विचारलं, "भाऊ घरी असतील ना गं, या वेळी?"
मुरब्याची गाडी लागली.