मधले चाळीस सेकंद

३ ऑगस्ट

हेडफोनने मान टाकली. उजवा कान मुका! नऊ वर्षं राबला, तक्रार करायला तोंड नाही. पण वेळ साधून गेला. ताईचं गाणं काल हातात घेतलं आणि आज हे.

वीस तारखेला चिमी नोकरीसाठी बाहेरगावी चालली आहे. ताईची एकुलती एक. "मामा, आईचं गाणं पूर्ण करून दे ना. मला सोबत न्यायचंय." या पोरीने जन्मात माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. नाही कसं म्हणणार?

ताईला जाऊन सात महिने झाले. गाणं त्याच्याही पाच महिने आधीचं. ती गेल्यावर फाईल उघडायचा धीर झाला नाही. जाहिरातींचं संगीत करत बसलो — साबण, सोफे, चष्मे. त्यात निदान आपलं कुणी गात नसतं.

५ ऑगस्ट

दुकानात दोन तास गेले. दुकानदार जुना ओळखीचा, एकदा सुरू झाला की थांबत नाही. "गाणं ऐकायचा हेडफोन वेगळा, मिक्सिंगचा वेगळा. ऐकायचा गोड बोलतो. मिक्सिंगचा तोंडावर सांगतो." तीन दिले घरी न्यायला. आठवडाभर वापरा, एक ठेवा, दोन परत करा.

पहिला बंद कपांचा, घुमणारा, बास भरपूर. दुसरा साधा, अधलामधला. तिसऱ्याच्या कपांना मागे नुसती जाळी — आतलं बाहेर ऐकू येतं, बाहेरचं आत. पण आवाज असा मोकळा की विचारू नका.

बायको म्हणाली, "हेडफोन घ्यायचाय की मुलगी बघायचीय? घे एक आणि सुटका कर!"

६ ऑगस्ट

बंद कपांचा लावला. ताई एकदम कानाशी! पाच मिनिटांत काढून ठेवला. काम काही झालं नाही.

७ ऑगस्ट

आज जाळीवाला. एकेक वाद्य वेगळं दिसायला लागलं. कीबोर्ड फार पुढे आलाय, मागे घ्यायला हवा. पहिल्या दोन कडव्यांत ताईला दम लागतोय, ओळीच्या शेवटी आवाज कापतो. तेव्हाही लागत होता. तेव्हा मला फक्त राग आला होता.

दुसरं कडवं संपतं, मग चाळीस सेकंद नुसतं संगीत, मग तिसरं कडवं. त्या चाळीस सेकंदांत मागे कुणीतरी बोलतंय.

पुरुषाचा आवाज. शब्द लागत नाहीत. शेजारचा टीव्ही असेल म्हणून खिडकी लावली. पुन्हा ऐकलं. आहे! तिथेच, तेवढाच. भर दुपारी अंगावर काटा आला, खोटं कशाला लिहू.

८ ऑगस्ट

तिन्ही लावून पाहिले. बंद कपांच्यात काही नाही. साध्यात आहे-नाही. जाळीवाल्यात आहे.

दुकानदाराला फोन केला, माल खराब दिलास म्हणून. हसला. "हेडफोन स्वतःच्या मनाचं काही बोलत नाही. तुमच्या गाण्यातच आहे ते."

९ ऑगस्ट

बाबा आहेत!

आज पहाटेपासून तेच डोक्यात होतं, आता खात्री झाली. तोच जाड आवाज, वाक्याच्या शेवटी खाली बसणारा. बाबांना जाऊन अकरा वर्षं झाली. ताई रियाजाला बसली की ते दाराशी खुर्ची टाकून काहीबाही पुटपुटत बसायचे. मी असल्या गोष्टी मानत नाही. भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की सगळ्यात आधी मीच हसतो. पण आज पाच वेळा ऐकलं आणि पाचही वेळा बरं वाटलं. गाताना त्या खोलीत ती एकटी नव्हती.

१० ऑगस्ट

काम शून्य. दिवसभर तेच चाळीस सेकंद.

११ ऑगस्ट

बायकोला ऐकवलं. आधी सांगितलं नाही कोण ते. तिने डोळे मिटले, दोनदा ऐकलं.

"कोण वाटतं?"

"कोण काय? तूच आहेस."

"मी गप्प होतो. रेकॉर्डिंग चालू असताना कोण बोलेल? बाबा आहेत ते."

"अरे, तुझा आवाज बाबांवर गेलाय, सगळेच म्हणतात. फोनवर तू असाच बोलतोस."

हेडफोन माझ्या हातात देऊन ती कपडे वाळत घालायला गेली.

१२ ऑगस्ट

बाकी सगळं बंद केलं, नुसता ताईचा माईक ठेवला, आवाज चढवला. शब्द लागले.

रेकॉर्डिंगच्या दिवशी मी इथेच टेबलाशी होतो. ताई आतल्या खोलीत, दार लावून, कपाटावर रजई टांगलेली. तिला सूचना द्यायला माझ्यापुढे एक छोटा माईक असतो. बटण दाबलं की माझा आवाज तिच्या कानात. बटण कधीकधी अडकतं, दाबलेलंच राहतं. मला माहीत होतं! उद्या दुरुस्त करू, उद्या करू.

मधलं संगीत चालू असताना गिटारवाल्याचा फोन आला. मी उचलला. जे बोललो ते सगळं तिच्या कानात गेलं. तिच्या हेडफोनची गादी फाटलेली, तिथून पाझरून तिच्याच माईकमध्ये आलं.

"आवाज संपलाय रे तिचा. बहीण आहे म्हणून गाऊन घेतोय. हे उरकतो आणि दुसऱ्या कुणाला तरी बोलावतो. तिला काही सांगू नकोस, उगाच रडारड."

मग मी हसतो. हसतो!

त्यानंतर ताईचा एक श्वास ऐकू येतो. आणि ती तिसरं कडवं गाते.

ते कडवं! आवाज कापत नाही, दम लागत नाही. ज्याने ज्याने ऐकलं तो तिथे गप्प झाला. दुसरी कुणी बोलवायची गरजच पडली नाही. आणि मी आजवर सगळ्यांना काय सांगत आलो? "मी गाऊन घेतलं तिच्याकडून."

ती बाहेर आली तेव्हा घामाघूम झाली होती. म्हणाली, "पाणी दे. जमलं का रे?"

दुसरं काही नाही म्हणाली.

१३ ऑगस्ट

सकाळपासून चहा दोनदा गार केला.

ताईच्या माईकमधला तो तुकडा कापून टाकला. एका बोटाचं काम. गाणं तसंच राहिलं, उलट स्वच्छ झालं. चिमीला कधी कळायचं नाही.

१४ ऑगस्ट

जाळीवाला आणि साधा परत केले. बंद कपांचा ठेवला. दुकानदार म्हणाला, "अहो, मिक्सिंगला हा? हा तर गोड बोलणारा!" म्हटलं, चालेल.

घरी येऊन लावला. काही नाही, नुसतं संगीत. तरीही त्या चाळीस सेकंदांत मला माझं हसणं ऐकू येतं. मी भित्रा आहे, बाकी काही नाही.

१७ ऑगस्ट

चिमी गाणं न्यायला आली. पूर्ण ऐकलं, डोळे पुसले. मग म्हणाली, "मामा, मधलं तुझं बोलणं काढलंस?"

मी म्हटलं, तुला कसं माहीत?

"आईने तुझ्याकडून नुसत्या तिच्या आवाजाची फाईल नेली होती ना, त्यात होतं. रोज सकाळी तेवढंच लावायची आणि रियाजाला बसायची. अगदी शेवटच्या आठवड्यापर्यंत. म्हणायची, मामाने पुन्हा बोलावलं तर त्याला असं म्हणावं लागायला नको."

पाच महिने. मी एकदाही बोलावलं नाही.